स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करणारा ओले इव्हिनरुड: होडीच्या आऊटबोर्ड मोटरमागचा माणूस

फोन, लॅपटॉप, इअरबड्स यांची तुलना आपण नेहमीच करतो. आज जरा वेगळं मशिन घेऊया. कॉलेजमधला माझा रूममेट मालवणकडचा. त्याच्या घरच्या मासेमारीच्या होडीला नवीन आऊटबोर्ड मोटर घ्यायची आहे, आणि तुलना करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी इचलकरंजीचा, त्यात सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा. आऊटबोर्ड मोटर मी जवळून पाहिली ती २०१९ च्या महापुरात, बचाव पथकाच्या रबरी बोटींच्या मागे लावलेली.

तर मी नेहमीप्रमाणे एक्सेल शीट उघडलं. हॉर्सपॉवर, वजन, पेट्रोल किती खातं, सुरू करायला दोरी की बटण, खाऱ्या पाण्यात किती टिकतं, असे रकाने पाडले. मग हे रकाने मुळात ठरवले कुणी, म्हणून मागे मागे जात राहिलो आणि एका नॉर्वेजियन-अमेरिकन माणसापाशी पोचलो. त्याचं नाव ओले इव्हिनरुड. (पाण्यात चालणारं मशिन करणाऱ्याचं नाव ओले! मराठीत याहून फिट नाव सापडणार नाही.) या माणसाने ही तुलना शंभर वर्षांपूर्वी स्वतःचे पैसे लावून केली होती. त्यातही गंमत अशी की तुलनेतली दोन्ही मशिन्स त्याचीच होती, पण त्याचं नाव मात्र जुन्या मशिनवर होतं.

आधी दोन मिनिटं: आऊटबोर्ड म्हणजे काय?

मोठ्या ट्रॉलरमध्ये डिझेल इंजिन बोटीच्या पोटात असतं, आणि त्याचा शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो. याला इनबोर्ड म्हणायचं. आऊटबोर्डमध्ये इंजिन, शाफ्ट, पंखा आणि दिशा द्यायचा दांडा हे सगळं एकाच वस्तूत असतं. ती वस्तू होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची आणि दोन स्क्रू आवळायचे. झालं काम. उथळ पाणी आलं की मशिन तिरकं करून पंखा वर घ्यायचा, किनाऱ्याला लागलं की काढून खांद्यावर टाकून घरी न्यायचं. इनबोर्ड म्हणजे मदरबोर्डला सोल्डर केलेली मेमरी आणि आऊटबोर्ड म्हणजे पेन ड्राइव्ह, असं समजा. कोकणात जिथे जेटी नाही आणि होडी थेट वाळूवर ओढायची असते, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

आता ओलेकडे वळू.

त्याचा जन्म १९ एप्रिल १८७७ चा, नॉर्वेमधल्या योविक गावाजवळचा. तो पाचेक वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेला गेलं आणि विस्कॉन्सिन राज्यात केंब्रिज गावाजवळ, रिप्ली तळ्याच्या काठी शेती करू लागलं. वडिलांना पोराने शेती करावी असं वाटत होतं, पण पोराचं लक्ष तळ्यावर. त्याने लपूनछपून एक होडी बांधली, ती वडिलांनी जाळली, मग त्याने आणखी लपून दुसरी बांधली आणि लोकांना पैसे घेऊन त्यातून फिरवायला लागला, तेव्हा कुठे वडील नरमले, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात. ती किती तिखटमीठ लावलेली आहे कुणास ठाऊक. पण सोळाव्या वर्षी त्याने घर सोडलं, मॅडिसन शहरात शेतीच्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली आणि रात्री पुस्तकं वाचून इंजिनिअरिंग शिकला, हे पक्कं आहे. पुढे पिट्सबर्गचे पोलादाचे कारखाने झाले, शिकागो झालं आणि शेवटी तो मिलवॉकीत आला. तिथे तो पॅटर्नमेकर होता. इचलकरंजी-कोल्हापूरच्या पोरांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: फाउंड्रीत वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उठवतात, तो लाकडी नमुना बनवणारा कारागीर. अशा माणसाच्या डोक्यात वस्तू आधी तीन बाजूंनी तयार होते आणि मग कागदावर येते.

तो काळही तसा होता. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. त्याच सुमारास मिलवॉकीतल्या प्रत्येक गल्लीत कुणीतरी पेट्रोल इंजिनाशी झटापट करत होतं. हार्ले आणि डेव्हिडसन त्याच शहरातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या इंजिनाला ओलेने मदत केली होती असं सांगितलं जातं. स्वतः ओलेने भागीदारीत इंजिनांचे धंदे काढले, पण ते टिकले नाहीत. इंजिन उत्तम, हिशेब कच्चा. हा आजार आमच्या स्टार्टअपवाल्यांना चांगलाच ओळखीचा आहे.

हिशेबाचा प्रश्न सुटला तो बेस कॅरीमुळे. बेस व्यवसायाचं शिक्षण घेतलेली मुलगी होती. ती ओलेच्या पत्रव्यवहारात आणि खात्यांत मदत करायला लागली आणि १९०६ मध्ये दोघांचं लग्न झालं. आईस्क्रीमची प्रसिद्ध गोष्ट याच दिवसांतली आहे. उन्हाळ्यात ओकाची तळ्यावर सगळे सहलीला गेले होते. बेसला आईस्क्रीम हवं होतं आणि दुकान तळ्याच्या पलीकडे, म्हणजे साधारण चार किलोमीटरवर. ओले वल्हं मारत गेला आणि वल्हं मारत परत आला, तोपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं होतं. तिथून मोटरची कल्पना निघाली म्हणतात. साल कुणी एक सांगतं, कुणी दुसरं.

मला ही गोष्ट आवडते ती रोमँटिक आहे म्हणून नाही. मच्छीमाराचा प्रॉब्लेम एक्झॅक्टली हाच आहे, म्हणून. जाळं टाकायची जागा लांब, परतीची वेळ लांब, आणि तेवढ्या वेळात बर्फ वितळतो, मासा मऊ पडतो आणि भाव उतरतो. तळ्यावर एका आईस्क्रीमवर निभावलं. समुद्रावर दिवसाची कमाई जाते.

शोध कुणाचा?

ओलेने आऊटबोर्डचा शोध लावला, असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. ते पूर्ण खरं नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ मध्येच सीन नदीवर होडीला मागून अडकवायची विजेची मोटर चालवून दाखवली होती. हो, इलेक्ट्रिक आऊटबोर्ड आधी आला, पेट्रोल नंतर! अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या तरुणाने १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीवर पेट्रोल इंजिन होडीला टांगून चालवलं आणि ओलेच्या आधी बाजारातही आणलं. त्याच्या पहिल्या प्रयोगात इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत न्यायला चेन होती. सायकलची चेन उतरली की काय होतं ते आठवा, आणि मग ते थंडगार नदीच्या मधोमध होतंय अशी कल्पना करा.

ओलेचं वेगळेपण मांडणीत होतं. त्याने सिलिंडर आडवं झोपवलं. त्यामुळे क्रँकशाफ्ट आपोआप उभा झाला आणि तोच उभा शाफ्ट सरळ खाली पाण्यात नेता आला. खाली एक गिअरची जोडी लावून फिरणं नव्वद अंशात वळवलं की पंखा फिरला. मध्ये चेन नाही की जास्तीची वळणं नाहीत. डोक्यावर आडवं फ्लायव्हील होतं आणि त्याला एक मूठ. ती धरून गरकन फिरवली की इंजिन सुरू. (उलटा झटका बसला तर बोटं शेकायची, हेही खरं.) तुमच्या-आमच्या काळातलं जवळजवळ कुठलंही पेट्रोल आऊटबोर्ड उघडून बघा, यामाहा असो की सुझुकी, क्रँकशाफ्ट उभाच दिसेल. ही मांडणी शंभर वर्षांत फारशी कुणाला बदलावीशी वाटली नाही. आम्ही लिहिलेला कोड पाच वर्षांत फेकून देतात.

बेसने पहिला नमुना पाहिला तेव्हा तिला ते कॉफी दळायचं यंत्र वाटलं. मिलवॉकीतल्या किनिकिनिक नदीवर चाचणी झाली. मग ओलेने ती मोटर एका मित्राला वापरायला दिली, आणि तो परत आला तो दहा ऑर्डर आणि रोख पैसे घेऊन. १९०९ मध्ये विक्री सुरू झाली. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड म्हणजे २८ किलो, किंमत ६२ डॉलर. पौंडाला एक डॉलर, म्हणजे चक्क भाजीसारखं तोलून विकल्यागत. पेटंट १९११ मध्ये मिळालं.

जाहिराती बेस लिहायची. वल्ही फेकून द्या, मोटर घ्या, एवढाच त्यांचा सूर. यातली एक जाहिरात न्यूयॉर्कमधल्या ओलुफ मिकेल्सन नावाच्या निर्यातदाराने पाहिली. त्याला शौकिनांपेक्षा दुसरंच गिऱ्हाईक दिसलं: स्कँडिनेव्हियातले मच्छीमार, थंड समुद्रावर रोज वल्हं मारणारे. त्याने मागणी नोंदवली आणि मोटर हजारोंनी तिकडे जायला लागली. ज्या देशातून ओले लहानपणी निघाला, तिथल्या कोळ्यांच्या हातातलं वल्हं त्याच्या मशिनने सोडवलं. माझ्या मते आऊटबोर्डच्या इतिहासातला खरा टर्निंग पॉइंट हा आहे. आईस्क्रीम नव्हे.

पैसा कमी पडत होता म्हणून ख्रिस मेयर नावाच्या, टगबोटींच्या धंद्यातल्या माणसाला पाच हजार डॉलरला निम्मी भागीदारी दिली होती. कारखाना वाढला. पण बेस मुळातच नाजूक प्रकृतीची, त्यात घर, छोटा मुलगा राल्फ आणि ऑफिसचा सगळा भार. तिची तब्येत पार ढासळली. १९१४ मध्ये ओलेने आपला निम्मा हिस्सा १,३७,५०० डॉलरला मेयरला विकला, पाच वर्षं या धंद्यात पाऊल टाकणार नाही असा करार केला आणि बायको-मुलाला घेऊन प्रवासाला निघाला. धंदा ऐन भरात असताना. फाउंडरने असं केलं तर आज आपण त्याला वेडा ठरवू. मला तो निर्णय त्याच्या पेटंटपेक्षा मोठा वाटतो.

विकताना कंपनीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. त्याचं आडनाव.

इव्हिनरुड विरुद्ध एल्टो

पाच वर्षं हा माणूस नुसता फिरत होता असं नाही. डोकं चालूच होतं. आपल्या जुन्या मोटरमध्ये काय खटकतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? एकच सिलिंडर, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला सगळी होडी थरथरते. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहिलात तर पायाखालची फरशी कशी हलते, तसं. आणि २८ किलो लोखंड उचलून लाटांवर हलणाऱ्या होडीच्या मागे वाकून अडकवायचं, म्हणजे कंबरेचा निकाल.

नवीन डिझाइनमध्ये त्याने दोन सिलिंडर समोरासमोर लावली. दोन्ही एकाच वेळी पेटतात, एक पिस्टन डावीकडे जातो तेव्हा दुसरा उजवीकडे, म्हणून धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. जिथे जमेल तिथे लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम. इंजिन थंड ठेवायला लागणारं पाणी पंख्याच्याच जोराने वर ढकललं जाईल अशी सोय, म्हणजे वेगळा पंप नाही, आणि वाळू जाऊन झिजणारा पार्टही नाही. ताकद तीन हॉर्सपॉवर, वजन एकवीस-बावीस किलो. आधीच्या दुप्पट ताकद आणि सहा-सात किलो वजन कमी!

कराराची मुदत संपल्यावर हे डिझाइन घेऊन तो आधी मेयरकडेच गेला. मेयरने नको म्हटलं. जुनं मॉडेल विकलं जात होतं, मग कशाला उगाच खर्च? तेव्हा १९२१ मध्ये ओले आणि बेसने नवी कंपनी काढली. आता नावाचं काय? मोटर इव्हिनरुडची, पण इव्हिनरुड हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं. म्हणून नाव ठेवलं एल्टो: इव्हिनरुड, लाइट, ट्विन आणि आऊटबोर्ड या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. स्वतःचं आडनाव त्याने एका अक्षरात दडवून परत मिळवलं.

आता दुकानात शेजारी शेजारी दोन मोटरी. एकीवर त्याचं पूर्ण नाव आणि त्याचंच जुनं डिझाइन, दुसरीवर अनोळखी नाव आणि त्याचं नवं डिझाइन. ब्रँड बघून घेणारा पहिली उचलणार, वजनकाट्यावर ठेवून बघणारा दुसरी. एल्टो चालली.

पण याच वेळी तिसरा खेळाडू उतरला, आणि इथे तुलना खरी रंगते. जॉन्सन बंधूंची छोटी मोटर: दोन हॉर्सपॉवर, वजन ३५ पौंड म्हणजे अवघे १६ किलो. आता गणित करा. ओलेची १९०९ ची मोटर एका हॉर्सपॉवरमागे जवळजवळ १९ किलो. एल्टो साधारण ७ किलो. जॉन्सन ८ किलो. म्हणजे ताकदीच्या हिशेबात एल्टो पुढे, पण हातात धरायला जॉन्सन हलकी. शिवाय जॉन्सनच्या फ्लायव्हीलमध्येच मॅग्नेटो होता. म्हणजे फिरवल्यावर ठिणगीची वीज मशिन स्वतःच तयार करायचं, बॅटरी सोबत न्यायला नको. एल्टोला बॅटरी लागायची. पण बॅटरीमुळे ठिणगी हळू फिरवलं तरी जोरदार पडते, म्हणून एल्टो हलक्या हाताने सुरू व्हायची, दंडात फार ताकद नसलेल्या माणसालाही. तर चांगलं कोणतं? किनाऱ्याजवळ, रोज बॅटरीकडे लक्ष देणाऱ्याला एल्टो. दोन दिवस बाहेर राहणाऱ्याला मॅग्नेटो. मालवणला पाठवलेल्या शीटमध्येही मी हाच रकाना सगळ्यात वर ठेवला: लाटांत, ओल्या हाताने, एकट्या माणसाला सुरू करता येतं का? आजचं ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशिन ४० किलोच्या घरात असतं, म्हणजे हॉर्सपॉवरमागे चार किलो. आकडे बदलले, प्रश्न तेच.

१९२६ मध्ये जॉन्सनने सहा हॉर्सपॉवरची मोटर आणली आणि होड्या पाणी कापत जायच्या ऐवजी पाण्यावरून घसरत पळायला लागल्या. मग वेगाचं वेड सुरू झालं. १९२८ मध्ये ओलेने चार सिलिंडरची, अठरा हॉर्सपॉवरची एल्टो क्वाड काढून उत्तर दिलं. रेसवाल्यांना ती फार भावली. मच्छीमाराला तिचा काय उपयोग, हा प्रश्न मला पडतोच, पण स्पेसिफिकेशनच्या शर्यतीत गिऱ्हाईक मागे राहतं, हे काही आपल्याच काळात सुरू झालेलं नाही.

जुनी इव्हिनरुड कंपनी मात्र घसरत गेली. ती अखेर इंजिनवाल्या स्टीफन ब्रिग्जच्या हातात आली, आणि १९२९ मध्ये एल्टो, इव्हिनरुड आणि लॉकवूड या तीन कंपन्या एकत्र करून आऊटबोर्ड मोटर्स कॉर्पोरेशन उभी राहिली. अध्यक्ष झाला ओले. पंधरा वर्षांनी त्याचं नाव त्याच्या ताब्यात परत आलं. आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. मंदीत हौसेच्या वस्तू कोण घेणार? कंपनी कर्जात, विक्री तळाला. पुढची काही वर्षं त्याने ती नुसती तगवून धरली.

बेस १९२८ मध्येच कामातून बाजूला झाली होती. मे १९३३ मध्ये ती गेली. त्यानंतर ओले फार दिवस राहिला नाही. १२ जुलै १९३४ ला मिलवॉकीत त्याचं निधन झालं, वय ५७.

धंदा राल्फने हातात घेतला. थोड्याच काळात प्रतिस्पर्धी जॉन्सनही याच घरात आली आणि १९३६ पासून दोन्ही ब्रँड एकाच कंपनीचे झाले. ती कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. इव्हिनरुड हे नाव पुन्हा एकदा विकलं गेलं, या वेळी कॅनडाच्या बॉम्बार्डियरकडे. शेवटी मे २०२० मध्ये, त्या धंद्याच्या तेव्हाच्या मालकांनी, बीआरपीने, इव्हिनरुड मोटरींचं उत्पादन बंद केलं. सुटे भाग आणि वॉरंटी चालू ठेवू असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं. त्यामुळे कुणी सेकंड हँड इव्हिनरुड स्वस्तात देत असेल, तर आधी जवळच्या मेकॅनिकला विचारा की त्याचे पार्ट तो कुठून आणि किती दिवसांत मागवतो.